सप्तमीला मनोरीहून, चतुर्दशीला परत

शंभर पानी वही आहे, शाळेच्या कपाटातून आणलेली. तिच्या पहिल्या पानावर मी शाईने लिहिलं आहे, 'जैसलमेर प्रवास'. त्याच्याखाली पेन्सिलीने, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या सुट्या, मोठ्या अक्षरांत दादाने लिहिलं आहे, 'मनोरी ते मनोरी'. दादाला जाऊन आता काही वर्षं झाली. ही वही मी अधूनमधून काढतो, दोनचार पानं वाचतो आणि परत ठेवतो. तिच्याबद्दल एकदा नीट लिहून टाकावं असं बरेच दिवस मनात होतं.

दादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तो मासेमारीच्या मचव्यावर गेला आणि मी शाळेत गेलो. आमच्या कोळीवाड्यातून बी. ए. होऊन मास्तर झालेला मी पहिला. नोकरी बोरिवलीच्या शाळेत लागली, म्हणून तिथे एक खोली घेऊन राहिलो. लग्न केलं नाही. रविवारी मालाडवरून बसने मार्व्याला जायचं, खाडी ओलांडून मनोरीला जेवायचं आणि संध्याकाळी परतायचं, असा माझा नेम होता.

एका आषाढातल्या रविवारी मी शाळेच्या वाचनालयातलं एक जुनं मासिक सोबत नेलं होतं. त्या महिन्यांत मचवे किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेले असतात. दर्या बंद. दादा पडवीत बसून जाळं सांधत होता. मी मासिक चाळत होतो. त्यात एक फोटो होता. सपाट वाळू आणि मधेच टेकडीवर उठलेला एक किल्ला. खाली लिहिलं होतं की जैसलमेरच्या या किल्ल्यात आजही माणसं राहतात.

"बघू," दादा म्हणाला. हात पुसून त्याने मासिक जवळ घेतलं. "दर्या किती लांब इथनं?"

"शेकडो मैल."

"पाऊस?"

"जवळजवळ नाहीच."

"आता, आषाढातपण नाही?"

"नाही."

तो बराच वेळ फोटो बघत राहिला. मग म्हणाला, "वाचून दाखव."

मी वाचलं. पिवळ्या दगडाची घरं, दगडात कोरलेल्या जाळ्यांच्या खिडक्या, उंटांचे तांडे, गावाबाहेरचं एक तळं. दादा मधेमधे विचारत होता. वाळूत वाट कशी कळते? ताऱ्यांवरून? मग आपल्यासारखंच की. वारा सुटला की वाळूच्या लाटा होतात, असं वाचल्यावर तो हसला. "म्हणजे दर्याच आहे, फक्त मासळी नाही."

आतून वहिनी म्हणाली, "मासळी नाही तिथं दोन दिस राहून दाखवा. तिसऱ्या दिशी उंटाला वाटण लावाल."

त्या दिवशी परत निघताना होडीपर्यंत पोचवायला आलेला दादा म्हणाला, "एकदा बघून येऊ रे आपण दोघं. मी जन्मभर पाण्याकडे बघतोय. पाणी नाही तिथं माणूस काय बघतो, ते बघायचंय."

दादाने कधी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एवढंच.

पुढच्या रविवारी मी वही आणि रेल्वेचं वेळापत्रक घेऊन गेलो. जैसलमेरपर्यंत रेल्वे जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी पहिल्या पानावर लिहिलं: 'मुंबई सेंट्रल, रात्री'. पुढे अहमदाबाद, तिथे गाडी बदलणं, जोधपूर, पुन्हा रात्रीची गाडी. दादाने वही घेतली आणि मुंबई सेंट्रल खोडलं.

"तू मुंबई सेंट्रलला जन्मलास काय? मनोरीपासून लिही."

"मनोरीहून मार्वे, त्यात काय लिहायचं?"

"ओहोटी असली की मग कळेल काय लिहायचं ते. ट्रंक डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातनं जाशील मास्तर."

त्याचं खरं होतं. ओहोटीला होडी काठाला लागत नसे. तिथून पुढे चिखल तुडवतच जावं लागे. दादाचा हिशेब सोपा होता, कोळीवाड्यातल्या लहान पोरालाही येणारा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. मला तो लहानपणी येत होता. घड्याळ आणि वेळापत्रक वापरू लागल्यावर मी विसरलो होतो.

म्हणून वहीतली योजना तारखांत न होता तिथींत झाली. दादा बोटांवर मोजत होता आणि मी लिहीत होतो. श्रावण शुद्ध सप्तमीला संध्याकाळी सव्वापाचच्या भरतीला मनोरी सोडायची. अष्टमीला अहमदाबाद. नवमीला सकाळी जोधपूर, रात्री पुढे. दशमीला उजाडताना जैसलमेर. दशमी आणि एकादशी तिथे. एकादशीच्या रात्री निघायचं, द्वादशीला जोधपूर, त्रयोदशीला अहमदाबाद, चतुर्दशीला सकाळी मुंबई. शेवटची ओळ त्याने माझ्या हातून पेन्सिल घेऊन स्वतः लिहिली: 'चौदस. मनोरी. साडेदहा भरती.'

चतुर्दशी ही शेवटची मर्यादा होती. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. त्या दिवशी घरातल्या पुरुषाने दर्याला नारळ दिला की मचवे पुन्हा पाण्यात जातात. त्यामुळे दादा रिकामा असे तो फक्त पावसाळ्यात. मी रिकामा असे मे महिन्यात आणि दिवाळीत, आणि तेव्हा तो समुद्रात. आमच्या दोघांच्या सुट्ट्या कुठेही जुळत नव्हत्या. म्हणजे श्रावणात सहा दिवसांची रजा मलाच घ्यावी लागणार होती.

"हेडमास्तरांना विचार," दादा म्हणाला.

"विचारतो."

पुढच्या रविवारी मी सांगितलं, "नाही म्हणाले. चाचणी परीक्षा आहे."

"बरं. परीक्षा आधी," तो म्हणाला. "पुढच्या साली."

मी हेडमास्तरांना विचारलंच नव्हतं.

हे लिहायलाच मी इतके दिवस घेतले. मी का विचारलं नाही, याची उत्तरं मी स्वतःला निरनिराळी दिली आहेत. नोकरीला लागलो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी सहज म्हणालं होतं की कोळ्यांची मुलं एका जागी टिकत नाहीत, नारळी पौर्णिमा आली की पळतात. ते मी विसरलो नव्हतो. श्रावणातच रजा मागायची, तीही नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, हे माझ्या जिभेवर येईना. हे एक खरं कारण. दुसरं सांगायला जास्त अवघड आहे. पडवीत बसून मी दादाला जैसलमेर सांगत होतो तोवर ते माझं होतं. त्याच्या प्रश्नांना उत्तरं माझ्याकडे होती, पुस्तकातून आणलेली. त्या वाळूत खरोखर उभे राहिलो असतो तर वारा, तारे, दिशा हे सगळं त्यालाच माझ्यापेक्षा जास्त कळलं असतं. मी त्याच्यासमोर पुन्हा पाच वर्षांचा झालो असतो. आज वाटतं, त्यात वाईट काय होतं.

दुसऱ्या वर्षी मी सांगितलं की दोन शिक्षक आजारी आहेत. एका वर्षी सीमेवर ताण होता, सगळेच म्हणत होते की तिकडे जाऊ नका. त्या वर्षी मला खोटं बोलावं लागलं नाही आणि मला बरं वाटलं होतं. योजना मात्र दर आषाढात निघे. दादा तीत भर घाली. उंटावर बसायचं की नाही (नाही, असं वहिनीने ठरवलं, "मचव्यावरनं पडला नाही, उंटावरनं पडेल"). सुके बोंबील न्यायचे की नाही. गाडीत वास येईल, असं मी म्हणालो, तर म्हणाला, "मग डबा रिकामा होईल. ऐसपैस बसू." आणि एकदा, अगदी गंभीरपणे: "त्या तळ्यात नारळ सोडतात काय रे?"

"माहीत नाही. पुस्तकात नाही."

"आपण सोडू एक. पाणी ते पाणी."

शेवटच्या श्रावणात त्याने रजेचं विचारलंच नाही. वही मागून घेतली, वाचली आणि परत दिली. मी ती पिशवीत ठेवली. मार्गशीर्षात त्याला कावीळ झाली. गावात झाडपाला झाला, मग मी त्याला इस्पितळात आणलं, पण उशीर झाला होता. मी त्याच्याजवळ बसून शाळेच्या वह्या तपासत असे, कारण नुसतं बसणं मला जमत नव्हतं. एकदा तो म्हणाला, "लाल शाई कमी वापर. पोरं घाबरतात." त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला.

पुढचा आषाढ आला तेव्हा मी एका सोमवारी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. श्रावणातल्या त्याच सहा दिवसांचा अर्ज लिहून नेला होता. कारण तोंडी न सांगता तो टेबलावर ठेवला. त्यांनी अर्ज वाचला, सही केली आणि टीपकागद दाबला. "मास्तर, इतक्या वर्षांत तुम्ही रजाच घेतली नाहीत," ते म्हणाले. "जाऊन या." एवढंच. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. बाहेर येऊन मी जिन्यात बराच वेळ उभा राहिलो. मुलं मधल्या सुट्टीसाठी शेजारून धावत उतरत होती.

त्या रविवारी मी मनोरीला गेलो. वहिनी पडवीसमोर डब्यातले बोंबील उन्हात घालत होती. त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. पडवीतली दादाची जागा मोकळी होती. मी तिथे बसलो नाही, पायरीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. मी कधीच विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर काय झालं, तेही.

ती हात थांबवून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. ती रागावली असती तर मला चाललं असतं. तिने समजूत घातली असती तर ती मला सोसली नसती. तिने दोन्ही केलं नाही.

"तो वाट बघायचा," ती म्हणाली. "आषाढ लागला की ट्रंक झटकायचा. मी हसायची." मग डबा बाजूला सरकवत, "मग आता तुला कोण अडवतंय?"

"एकट्याने जाऊन काय करू?"

"बघून ये. त्याला बघायचं होतं ना, पाणी नाही तिथं काय बघतात ते. वही आहे?"

मी पिशवीतून वही काढली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवली. मला वाटलं होतं योजना जुनी झाली असेल. पण त्यात तारीख एकही नव्हती. सप्तमी, अष्टमी, नवमी. गाड्यांच्या वेळा पाचदहा मिनिटांनी बदलल्या असतील; भरतीच्या नव्हत्या.

वहिनी आत गेली आणि सोललेला नारळ घेऊन आली. तो तिने माझ्या पिशवीत ठेवला.

"हा तळ्यातला," ती म्हणाली. "सप्तमीला सव्वापाच. उशीर केलास तर चिखल."

"आणि परत?"

"चौदसला साडेदहा. चुकू नको." ती पुन्हा बोंबील पसरू लागली. "दुसऱ्या दिशी दर्याला नारळ द्यायला या घरात तूच आहेस आता."