तुळशीला मज्जाव

माझी मुलगी मागच्या वर्षी पॅसिफिक महासागरातल्या एका निर्मनुष्य प्रवाळबेटावर समुद्रपक्षी मोजायला गेली. बेट ब्रिटनचंच, पण पोचायला विमानं बदलायची आणि पुढे दिवसच्या दिवस बोट. निघायच्या दिवशी सकाळी आमच्या लंडनजवळच्या स्लाऊच्या घरात तिनं हॉलभर पांढरी चादर अंथरली आणि बुटांच्या खाचा, मोज्यांचे धागे, बॅगेचे कप्पे चिमट्यानं साफ करायला बसली. बाहेरचं एक बी जरी तिथे रुजलं तरी बेटावरच्या झाडांवर संक्रांत. जिनं कधी स्वतःची कपबशी धड विसळली नाही, तिची ही चिकाटी बघून मी गारच पडले.

पण मी पडले आई. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या सामानात देवाजवळची तुळस ठेवायची आमच्या घरची पद्धत. ती चहा टाकायला उठली तशी मी वाळक्या मंजिऱ्या कागदात गुंडाळून, तपासून झालेल्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात सरकवल्या. तुळस म्हणजे काय कचरा आहे, असं मनाशी म्हटलंसुद्धा.

चहा पिताना सहज विचारलं, "तिथे माणसं कधीच नव्हती का गं?"

"होती ना. पॉलिनेशियन लोक. स्टार्स बघत होड्यांमधून इतक्या लांब आले, इमॅजिन कर! काही जनरेशन्स राहिले, मग गेले. पण त्यांच्याबरोबर आलेले उंदीर राहिले. ते अजून पक्ष्यांची पिल्लं खातात, आई. जिवंत."

"मुद्दाम आणले उंदीर?"

"माहीत नाही. घरून येताना खायचं, लावायचं सामान आणलं असणार. त्यातून आले असतील."

मी कप खाली ठेवला. गप्प बसले तर बोटीवरच्या तपासणीत तुळस सापडणार आणि हिला बेटावर उतरू देणार नाहीत. आणि नाहीच सापडली, तर त्याहून वाईट. मी बॅगेकडे बोट दाखवून सगळं सांगून टाकलं.

ती चिडली नाही, तेच मला जास्त लागलं. पुडी सुटून बारीक काळं बी कप्पाभर सांडलं होतं. टॅक्सी यायला तासभर होता. तिनं सगळी बॅग पुन्हा उपसली आणि भिंग घेऊन शिवण न् शिवण तपासली. मीही दुसरा चिमटा घेऊन बसले. इथल्या हॉस्पिटलात मी जन्मभर ऑपरेशनं केली, पण इतके शांत हात क्वचितच पाहिले. जे बेट आपल्यापैकी कुणी कधी बघणारही नाही, त्याच्यासाठी ही पोर गुडघे टेकून एकेक बी वेचत होती. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि स्वतःची लाज.

टॅक्सी आली. ती नमस्काराला वाकली. मी डोक्यावर हात ठेवणार, तोच तिनं तो धरला, खिडकीपाशी उजेडात नेला आणि एकेक नख तपासलं.

"ओके," ती म्हणाली, "आता ठेव."