ऑइलचा लाल दिवा आणि अंजनवेलची सहल

सेन्सर एकशे चाळीस रुपयांना मिळाला. त्यात माझा एक बरा शर्ट धरा, अंगणातल्या चिऱ्यांवरचा काळा डाग धरा, आणि निम्मा समुद्र धरा. तो निम्मा मी पाहिलाच नाही, कारण माझी नजर डॅशबोर्डवर होती.

मी रत्नागिरीत बागांना पंप बसवून देतो. दुसऱ्याच्या हाताखाली पाइप कापत सुरुवात केली, आज स्वतःचं दुकान आहे आणि सामान वाहायला एक जुनी डिझेल व्हॅन. ती बसली की धंदा बसला. त्यामुळे गाडी उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला तेव्हा मी थेट गॅरेज गाठलं. मिरजोळ्याच्या सुधाकर मिस्त्रीने मीटर लावून तेलाचा दाब मोजला.

"दाब झकास आहे शेट. सेन्सर गेलाय. बघा, तारेच्या टोकातनं तेल झिरपताय. सोमवारी बदलून देतो, उद्या माझ्या भाच्याचं लग्न."

आमचं अंजनवेलला जाणं मात्र रविवारी ठरलेलं. बारा वर्षांत पहिल्यांदा, दोघंच. शुभदा, माझी बायको, शांतपणे म्हणाली, "अहो, नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा. मागच्या वेळेसारखं गाडीत बसल्यावर नको."

शनिवारी दुपारी नवा सेन्सर आणून मी स्वतःच बसलो. करायचं असेल तर इंजिन थंड होऊ द्या आणि खाली जुना डबा ठेवा. तार ओढून काढली, खोल सॉकेटने सेन्सर सोडवला, चमचा-दोन चमचे तेल सांडलं. नव्याच्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे नऊ वेढे घट्ट घातले. आमच्या धंद्यात टेपशिवाय आटे फिरवणं म्हणजे पाप. बावीस वर्षांत मी जोडलेला एकही सांधा गळलेला नाही, हे मी शुभदाला तेव्हाच ऐकवलं. इंजिन सुरू केलं. तेलाचा थेंब नाही, दिवा नाही.

पहाटे निघालो. हातखंब्यापर्यंत बरा होतो. निवळीच्या घाटात माझ्या कानांनी घात केला. मला पंपाचं बिघडलेलं बेअरिंग चार घरांवरून ऐकू येतं. इथे प्रत्येक वळणावर इंजिनात काहीतरी टकटकत होतं. तेलाचा दाब गेला तर इंजिन जाम, आणि त्या घाटात मोबाइलला रेंज नाही. दोनदा थांबून तेलाची पट्टी काढून पाहिली. पातळी जिथल्या तिथे.

सावर्ड्याला चहा घेताना तिसऱ्यांदा बॉनेट उघडलं. बाकावर दोघे म्हातारे बसले होते.

"गाडी बिघडली काय ओ त्यांची?"

"नाय. बघतायत नुसते."

"मग सारखा काय बघतायत? अंडी उबवायला ठेवलीत काय?"

शुभदाने पदरात तोंड लपवलं. पुन्हा गाडीत बसल्यावर मात्र ती म्हणाली, "चावी फिरवली की आधी एक लाल दिवा लागायचा ना? आता दिसत नाही तो."

"लागेल कसा? नवा सेन्सर आहे," मी म्हणालो.

चिपळूणपर्यंत हायवे ठीक, पुढे गुहागरपर्यंत रस्ता अरुंद. वेळ हाताशी ठेवा. गुहागरात खानावळीत सुरमईचं ताट दोघांचं मिळून सहाशेला, सोलकढी मागाल तितकी. तिथून जवळच अंजनवेलचा किल्ला, गोपाळगड; त्याचा खंदक खोल आहे आणि आत कलमांची बाग, म्हणून आधी विचारून आत जा. बुरुजावरून दाभोळची खाडी समुद्राला मिळते ती जागा दिसते. शुभदा तिथे अर्धा तास बसली. मी दहा मिनिटं बसलो आणि गाडीखाली तेल पडलंय का ते बघायला उतरलो. वर आलो तर म्हणाली, "आत्ता एक मोठी बोट आत गेली. तुम्ही हवे होतात."

अंधार पडायच्या आत घरी. दोनशे नव्वद किलोमीटर, आणि दिवा एकदाही लागला नाही. सोमवारी पंपाचं सामान आणायला जाताना शुभदालाही घेतलं आणि मुद्दाम मिस्त्रीकडे थांबून हे ऐकवलं.

तो हात पुसत आला. "चावी फिरवा. इंजिन सुरू नका करू. इंजिन बंद म्हणजे दाब नाय, तेव्हा दिवा लागायलाच हवा."

फिरवली. ऑइलच्या दिव्याची जागा काळीच.

त्याने सेन्सर सोडवला, आट्यांवरची टेप नखाने उचकटली. "शेट, ही पाण्याची लाइन नाय. ह्याची वीज आट्यांतनंच इंजिनाच्या लोखंडाला पोचते. तुम्ही नऊ वेढ्यांनी वाट बुजवलीत. दाब गेला असता, इंजिन जाम झाला असता, तरी हा दिवा पेटला नसता."

 शुभदाने खाली पडलेली टेप उचलून माझ्या हातात ठेवली. 

मिस्त्रीने टेपशिवाय, वॉशर घालून तोच सेन्सर पुन्हा बसवला आणि मला चावी फिरवायला सांगितली.

लाल दिवा लागला.