मशीनला न दाखवलेला तास

डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली आणि पेनाचं टोक एका मोकळ्या जागेवर ठेवलं. अलीकडे उंचसखल रेघा होत्या, पलीकडेही होत्या. मधे नुसती सरळ ओळ.

"इथं तुमचं हृदय थांबलं होतं," ते म्हणाले. "काही सेकंद. मग आपोआप सुरू झालं. याला सिक सायनस सिंड्रोम म्हणतात."

हृदयाच्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाची एक छोटी जागा असते. प्रत्येक ठोका तिथून सुटतो. ती जागा झिजली की ठोके मंदावतात, कधी मधेच खंड पडतो. तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस कोसळतो.

"पेसमेकर बसवावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

मला सुटल्यासारखं वाटलं. पाठोपाठ वाईटही वाटलं. ते वाईट वाटणं कुठून आलं हे सांगायचं तर आधीचे महिने सांगायला हवेत. ज्यांची मधेच शुद्ध हरपते, रिपोर्ट मात्र सगळे ठीक येतात आणि जे अजून वाट पाहत आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

मी सेलूला राहते. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आता निवृत्त आहे. हे शाळेत गणित शिकवायचे. आम्हाला मूलबाळ नाही. मागच्या हिवाळ्यात हे गेले. त्यानंतर घरात आवाज करणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या, फ्रिज आणि मी. त्यातली मी फारसा करत नव्हते.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म आणि बेल वाहायचा, त्यानंतरच अन्नपाणी. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं समोरासमोर बसून ही पूजा करत आलो. हे गेल्यावर त्यांचा पाट मी उचलला नाही. सगळ्या दिवसात तो एक तास मला एकटं वाटत नसे.

पहिल्यांदा शुद्ध गेली ती त्याच तासात. कानात शिट्टीसारखा आवाज आला, समोरचं सगळं करडं झालं. डोळे उघडले तेव्हा गाल गार फरशीवर होता आणि गालाला बेलाचं पान चिकटलं होतं. लिंग ओच्यात पडलं होतं, जमिनीला लागलं नव्हतं. लिंग हातातून पडणं आमच्यात फार वाईट मानतात. मी कुणाला बोलले नाही.

दुसऱ्यांदा मी अंगणात पडले. शेजारच्या रुक्मिणबाईंनी पाहिलं नाही, पण धप्प आवाज ऐकला. त्या भिंतीपलीकडून आल्या तेव्हा मी उठून बसले होते.

"बाई, तुमी खाईनात, म्हणून पडायलाव," त्या म्हणाल्या. "सर गेल्यापासून नुसतं पुस्तक अन् चहा. पुस्तकानं पोट भरतंय का?"

गावातल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली. ती चाळीसच्या आसपास होती. याला ब्रॅडिकार्डिया म्हणतात, म्हणजे ठोके मंद असणं. "खेळाडूंची नाडी अशी असते," ते हसून म्हणाले. "तुम्ही पळता का?" मग गंभीर होऊन म्हणाले, "मनाला फार लावून घेऊ नका." ताकदीच्या गोळ्या दिल्या. रक्त, थायरॉइड, सगळं ठीक आलं.

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा आवडलं. यांच्यामागे माझं हृदय हळू चालायला लागलंय, हे मला बरोबर वाटलं. मी इलाज शोधलाच नाही.

मग एकदा दूध तापत असताना पडले. उतू जाऊन जळलेल्या दुधाचा वास रुक्मिणबाईंच्या घरापर्यंत गेला. त्यांनी येऊन गॅस बंद केला, माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि तिथंच खाली बसून रडायला लागल्या. "बाई, तुमाला जायचं आसंल तर सांगून जा. आसं जाळून घेऊन नगा जाऊ." दुसऱ्या दिवशी मी परभणीला जाणाऱ्या गाडीत बसले.

तिथल्या हृदयरोगाच्या डॉक्टरांनी बराच वेळ ऐकून घेतलं. "पडताना कुणी पाहिलं का?" त्यांनी विचारलं. नाही. "किती वेळ शुद्ध नव्हती?" माहीत नाही. "रंग कसा झाला होता? हातपाय झटकले का?" बेशुद्ध पडणं हा असा आजार आहे, की तो ज्याला होतो तो त्या वेळी तिथं नसतो. दुसरं माणूस लागतं. आणि त्या दवाखान्यात प्रत्येक खिडकीवर मला एकच विचारत होते, सोबत कोण आहे?

ईसीजी काढला. छातीवर जेली लावून टूडी इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. रचना ठीक होती. "ठोके मंद आहेत, पण तेवढ्यावरून पडण्याचं कारण ठरत नाही," डॉक्टर म्हणाले. "पडता त्या क्षणाची नोंद हवी." त्यासाठी होल्टर लावला. छातीवर चिकटवलेल्या चकत्या, त्यांच्या वायरी आणि कमरेला एक डबी. दिवसरात्र ती ठोके लिहीत राहते. ती भिजवायची नाही, म्हणजे आंघोळ नाही.

दुसऱ्या सकाळी मी पेचात पडले. आंघोळ नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर पाण्याचा घोट नाही. त्याहून खरं म्हणजे तो तास मला हवा होता. मशीन एवीतेवी आज परत द्यायचंच आहे, रात्रभर त्यानं लिहिलंय, असं म्हणून मी चकत्या ओढून काढल्या, आंघोळ केली आणि पूजेला बसले.

भस्म लावता लावता पडले. डबी कपाटावर होती.

डॉक्टर रागावले नाहीत. रिपोर्ट चाळून म्हणाले, "सगळं शांत आहे. ज्या तासात तुम्ही पडता, नेमका तोच मशीनला दाखवला नाहीत." डब्या कमी, रुग्ण पुष्कळ. मला पुढची तारीख मिळाली.

ती वाट पाहणं सगळ्यात कठीण गेलं. आता कारण कळावं असं वाटायला लागलं होतं, आणि कळण्याआधीच एखाद्या सकाळी आपण उठणार नाही अशी भीती होती. या दिवसांत डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी मी पाळल्या, तुम्हीही पाळा. बसून आंघोळ करा. दाराला आतून कडी लावू नका. कानात शिट्टी ऐकू आली की उभं राहू नका, जिथं असाल तिथं आडवे व्हा, पाय उंच करा. स्टुलावर चढू नका. वरच्या फळीवरची माझी पुस्तकं तशीच राहिली. वाचताना मी टेबलापाशी बसायचे, म्हणजे डोकं आपटलं तरी उघड्या पानांवर. एकटं माणूस असे हिशेब फार करतं.

आमच्या गल्लीत सोमवारी जंगम महाराज येतात, म्हणजे आमच्यातले पुजारी. त्यांना मी दारातच विचारलं, "महाराज, आंघोळ न करता पूजा चालेल का?"

"कामून? नळाला पाणी न्हाई का?"

मी मशीनचं सांगितलं. ते पायरीवर टेकले. "आवो बाई, भस्म लावायचं की सर्वांगाला. भस्माची आंघोळ ही आंघोळच हाय. ज्याची पूजा करायलाव तो बर्फात बसलाय, त्याला कोण रोज पाणी तापवून देतंय?" हसून झाल्यावर म्हणाले, "एवढी शिकलेली बाई तुमी. हे आधीच इचारायचं न्हाई का?"

विचारायचं कुणाला, हे माझ्या मनात आलं. आजवर असं काही अडलं तर मी यांना विचारत असे.

दुसऱ्यांदा होल्टर लावला तेव्हा नर्सनं डबीवरचं बटण दाखवलं. चक्कर आली की सोबतच्यानं ते दाबायचं. सोबत कोण आहे, तिनं विचारलं. मी रुक्मिणबाईंचं नाव सांगितलं आणि घरी येऊन त्यांना तसं कळवलं.

सकाळी त्या तूर निवडायला घेऊन माझ्याकडे आल्या. यांच्या पाटाकडे त्यांनी पाहिलं, पण त्यावर बसल्या नाहीत. भिंतीला टेकून सूप मांडीवर घेतलं. मी भस्म लावलं, लिंग तळहातावर घेतलं. तुरीचे दाणे सुपात सरकत होते. ते शेवटचं ऐकलेलं.

शुद्ध आली तेव्हा माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि तूर घरभर झाली होती.

"एकदम पांढऱ्याफट पडलाव. डोळे वर. मी हाका मारायले तर तुमी हायतच कुठं?" त्यांनी माझ्या कमरेच्या डबीकडे बोट दाखवलं. "ते खटकं दाबलं मी. लय जोरात दाबलं. मोडलं तर न्हाई ना?"

मोडलं नव्हतं. बटण दाबल्याची खूण नोंदीत उमटली होती, तिच्या जरा आधीच डॉक्टरांना ती सरळ ओळ सापडली.

पट्टी पाहिल्यावर मी त्यांना विचारलं होतं, "हे दुःखामुळे झालं का?"

"नाही," ते म्हणाले. "ही झीज आहे. तुमचे मिस्टर असते तरी झालंच असतं."

वाईट वाटलं ते याचं. इतके दिवस जे मी यांचं म्हणून सांभाळलं, ते एका झिजलेल्या जागेचं निघालं. परतीच्या गाडीत मात्र त्या वाक्याची दुसरी बाजू दिसली. हे असते तरी मी पडले असते, आणि पाहायला हे असते. पहिल्याच दिवशी.

पेसमेकर बसवताना भूल फक्त त्या जागेपुरती असते. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली छोटा छेद घेतात, शिरेतून बारीक तार हृदयात उतरवतात आणि कातडीखाली काड्यापेटीपेक्षा लहान यंत्र ठेवतात. दुखत नाही, पण ओढल्याचं कळतं. घाबरू नका. काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो. मी लिंग छातीसमोर न धरता मांडीशी धरत असे.

महिन्यानं तपासणीला रुक्मिणबाई हट्टानं सोबत आल्या. डॉक्टरांनी छातीवर एक चकती ठेवून यंत्राची नोंद वाचली. यादरम्यान मी एकदाही पडले नव्हते. ते म्हणाले, "हृदय मागे पडलं तरच मशीन मदत करतं. बाकीचे ठोके तुमचेच आहेत."

बाहेर बाकावर रुक्मिणबाई वाट पाहत होत्या. "काय म्हणाले?"

"बाकीचे ठोके माझेच आहेत म्हणाले."

"मग कुणाचे असतेल? आमचे का?"

मी हसले, मोठ्यानं. शेजारच्या बाकावरच्या लोकांनी वळून पाहिलं. तोंडावर पदर धरला, तरी हसू थांबेना. त्या दवाखान्यात आणि त्याआधी पुष्कळ दिवस मी हसले नव्हते. रुक्मिणबाईंनी माझी पिशवी उचलली, दुसऱ्या हातानं मला दंडाला धरलं आणि आम्ही स्टेशनाकडे निघालो.