वनकोटातला पोळा

अचलपूरच्या बाजारात सांभार घ्यावा तर सहदेवचाच, असं शपथेवर सांगणाऱ्या बायका पुष्कळ सापडतील. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी आधीच सांगून ठेवलेलं बरं. सहदेव पन्नाशीचा, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. जुडी उलटीसुलटी करून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खुशाल विचारतो, की बाई, सांभार न्यायला आल्या का पोरगी पाहायला? तरी बायका त्याच्याकडेच येतात. पण हाच माणूस दुपारी घरी गेला, हातपाय धुऊन भाकर खाल्ली, की एका अख्ख्या किल्ल्याचा मालक होतो, हे त्यातल्या एकीलाही ठाऊक नाही.

त्याचं असं झालं. मोनाली, म्हणजे त्याची एकुलती एक लेक, लग्न होऊन अकोल्याला गेली आणि तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरातच राहिला. त्याच्यावर तिनं ‘वनकोट’ नावाचा गेम टाकून ठेवला होता. एका रिकाम्या दुपारी सहदेवनं सहज म्हणून तो उघडला, आणि पाहतो तर काय, समोर बैल! साधेसुधे नाहीत, हत्तीएवढे. अंधार पडला की त्यांची शिंगं उजळायची.

आता सहदेवच्या घरी बैल म्हणजे काय, हे सांगायलाच पाहिजे. मोऱ्या आणि ढवळ्या ही त्याची जोडी. दोघं म्हातारे होऊन गोठ्यातच गेले, आधी मोऱ्या, मागोमाग ढवळ्या. नंतर मळ्यात भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला आणि गोठ्यात खताची पोती जाऊन बसली. सहदेव कोणासमोर रडला नाही. त्याची बायको शालू मात्र धाय मोकलून रडली, आणि तेव्हापासून तिनं पोळ्याला पुरण घातलं नाही. ज्यांच्याकडे बैल नसतात ते मातीचे आणून पूजतात, तेही तिनं आणले नाहीत. नैवेद्य कोणाला दाखवू, एवढंच म्हणायची.

वनकोटात बैलांना नावं देता येत होती. सहदेवनं पहिल्या जोडीचं नाव काय ठेवलं असेल, ते तुम्हीच ओळखा. शालूनं ते ऐकलं आणि तिचं डोकंच फिरलं. गोठ्यातले गेले आणि डब्यातले आणले म्हणाली, अन् उठून गेली.

हा गेम पत्त्यांसारखा पाळीपाळीनं खेळायचा नाही. तुम्ही लाकडं आणून किल्ला बांधत असता, तेव्हा समोरचाही हात बांधून बसलेला नसतो. तुम्ही डोकं खाजवलं की त्याची फौज दारात हजर. वनकोटात एकीकडे भुताळे, म्हणजे हाडांची फौज. त्यांना ना भूक, ना झोप. दुसरीकडे रानकरी, त्यांचं सगळं ओढकाम बैलांवर. पण बैल दमायचे. चार खेपा झाल्या की त्यांना पाणी दाखवावं लागे, सावलीत उभं करावं लागे. सहदेवला ते इतकं रास्त वाटलं, की मोनालीनं फोनवरून शिकवण्याआधीच तो रानकऱ्यांचा होऊन बसला होता.

बाकीच्या खेळाडूंचं मात्र मत अगदी उलटं. गेमच्या इंटरनेटवरच्या पानावर जो तो बैलांच्या नावानं बोटं मोडायचा. बैल पुलावर अडकतात, बैल ऐन लढाईत पाणी मागतात. सगळ्यात जोरात अकोल्याचा अमोल. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा तिशीचा गडी, भुताळ्यांचा पक्का खेळाडू, आणि त्याची मतं हातभर लांब. हा गेम आहे का गोठा, असं त्यानं एकदा लिहिलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

गेम बनवणारी पुण्यातली पाच-सहा तरुण मंडळी. त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या अपडेटात बैल काढून मंत्रानं चालणाऱ्या गाड्या आणायचा विचार आहे, खेळाडूंनी मत कळवावं.

सहदेवनं ते दोनदा वाचलं. मोऱ्या-ढवळ्या एकदा गेले ते गेले. आता दुसऱ्यांदा जाणार होते, आणि तेही लोकांच्या मतानं. त्यानं एका बोटानं टाइप करत आपलं मत पाठवलं. त्याची सुरुवात होती, ‘तुमी कधी बैल पायला का बे?’ पुण्याहून हर्षा नावाच्या मुलीचं उत्तर आलं, की कृपया सभ्य भाषा वापरावी. सहदेव चकितच झाला. त्याच्या मते त्यानं अगदी अदबीनं लिहिलं होतं. मोनालीनं फोनवर हसत हसत समजावलं, की बाबा, ‘बे’ तेवढा काढा. त्यानं तो काढला आणि पुन्हा लिहिलं, की बैल दमतात म्हणून तर त्यांच्यावर जीव लागतो. न दमणाऱ्या गाडीवर कोण जीव लावेल?

ते वाचून काहीजण त्याच्या बाजूनं झाले. अमोल काही हटला नाही. दोघांची अशी जुंपली, की पानावर दुसरं कोणी बोलेना. शेवटी हर्षानं तोड काढली. अमरावतीला खेळाडूंचा मेळावा घ्यायचा, तिथं सहदेव आणि अमोल यांचा सामना लावायचा, आणि तो पाहून खेळाडूंनी मतदान करायचं. बैल घेऊन जिंकता येतं हे दिसलं तर लोकांची मतं फिरतील, हे सहदेवला पक्कं कळत होतं. हरलो तर संपलंच. तारखेला त्यानं झटकन हो म्हटलं.

भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं ते शालूनं. त्या दिवशी पोळा आहे, ती म्हणाली. सहदेवनं जवळ जाऊन तारीख पाहिली. मग म्हणाला, सामना सकाळचा आहे, दुपारच्या एसटीनं, गावातले बैल तोरणाखाली उभे राहायच्या आधी परत येतो. अन् तसंही आपल्याकडे बैल आहेत कुठं?

पण आदल्या दिवशी सांज झाली, शेजारच्या पुंजारामभाऊंच्या दारी बैल धुऊन आणले, त्यांच्या खांद्यांना तूप-हळद लागली, आणि सहदेवला राहवेना. घरात जाऊन त्यानं वाटीत तूप-हळद कालवली, कॉम्प्युटर लावला, आणि पडद्यावर मोऱ्या-ढवळ्या उभे होते तिथं बोटानं हळूच लावली. मग दरवर्षी गोठ्यात द्यायचा तसंच त्यांना आवतण दिलं, की उद्या जेवायला या. मागे वळला तर दारात शालू उभी.  ती वाटी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत ही गर्दी. बहुतेक सगळे विशीतले पोट्टे, त्यांच्यात सहदेव एकटाच धोतरवाल्यांच्या घरातला वाटावा असा. मोठ्या पडद्यावर सामना सुरू झाला. अमोलच्या भुताळ्यांनी आल्या आल्या खाणी धरल्या. सहदेवनं लाकूडतोडे जंगलात पाठवले, माउस मोऱ्या-ढवळ्या आणि बाकीच्या बैलांवर नेला, आता बटण दाबायचं तेवढं बाकी.

बोट खाली जाईना.

काल ज्यांना स्वतः आवतण दिलं, त्यांना आज कामाला जुंपायचं? पोळ्याच्या दिवशी बैलाला जू दाखवत नाहीत, काठी लावत नाहीत, त्याच्यावर ओरडतसुद्धा नाहीत. पन्नास वर्षांत त्याच्या घरात हे कोणी मोडलं नव्हतं. खेळ आहे लेका, त्यानं स्वतःला बजावलं. सगळं जाईल, हेही बजावलं. तरी बोट जागचं हललं नाही. शेवटी त्यानं सगळे बैल किल्ल्याच्या दारासमोर एका ओळीत आणून उभे केले आणि लाकडं माणसांच्या खांद्यावर आणायला लावली.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याचा काही डाव आहे, असं समजून अमोलही थबकला. बराच वेळ वाट पाहून शेवटी त्यानं माइकवर विचारलं, “काका, बैल अडकले का?”

“अडकले नाही,” सहदेव म्हणाला. “आज पोळा हाय.”

 मागच्या रांगेत कोणी तिवसा गावचं पोरगं खुदकन हसलं, आणि त्यानंच उठून पोळ्याची आरोळी दिली. सारं सभागृह एका दमात तिला उत्तर देऊ लागलं. हर्षा बिचारी शेजारच्याला विचारत होती, काय झालं, काय झालं. त्यानं समजावलं तेव्हा ती हसली, आणि मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. एवढी वर्षं बैल रंगवले, शिंगांत उजेड घातला. पोळा काही पुण्यातल्या त्या मंडळींपैकी एकालाही आठवला नव्हता.

अमोल मात्र खेळाडू माणूस, त्यानं सामना सोडला नाही. त्याचे भुताळे चालून आले, आणि सहदेवचा किल्ला पडला. पण सगळ्यांनी पाहिलं, की हाडांची ती एवढी मोठी फौज बैलांच्या मधून वाट काढत गेली. एकाही बैलाला तिनं धक्का लावला नाही. खेळ संपल्यावर अमोल उठून आला आणि सहदेवच्या पाया पडला.

“काका, हरले तुमी,” तो म्हणाला. “पन आज मी बैलाले हात लावला असता ना, तर माह्या आजीनं मले घरात घेतलं नसतं.”

एसटीत बसल्यावर सहदेवला स्वतःचा मनस्वी राग आला. इतका भांडलो, आणि ऐन वेळी आपल्याच हातानं बैल घालवले. पण पुन्हा तीच वेळ आली तर? तेव्हाही बोट खाली गेलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या विचारानं त्याला एकट्यालाच हसू आलं. गावात पोचला तेव्हा तोरण बांधून झालं होतं. पुंजारामभाऊंनी काही न विचारता एका बैलाचा कासरा त्याच्या हातात दिला. दोन वर्षांनी सहदेव तोरणाखाली उभा राहिला. डोळे पुसायला त्याचा एकच हात मोकळा होता.

मतदानात पहिलं मत पडलं अमोलचं. सवयीप्रमाणे हातभर लिहील असं वाटलं होतं, तर दोनच वाक्यं. ‘मी जिंकलो. बैल राहू द्या.’ मग काय, मतांची रीघ लागली. एकानं लिहिलं, त्याला बैल अजूनही आवडत नाहीत, पण ते नसले तर तो खेळणार नाही. धारणीच्या एका मास्तरांनी लिहिलं, की पुलावर अडकणारे बैल तेवढे दुरुस्त करा, खरा बैल असा बावळट नसतो. मंत्राच्या गाड्या पुण्यातच राहिल्या.

आणि पुढच्या वर्षी श्रावणातल्या अमावस्येला वनकोटात भलतीच गडबड उडाली. सकाळपासून पानावर तक्रारींचा पाऊस. सगळ्यांच्या किल्ल्यांतले बैल झुली घालून तोरणाखाली उभे, शिंगं रंगवलेली, आणि काही केल्या कामाला जात नाहीत. परगावचे खेळाडू कंपनीच्या नावानं खडे फोडत होते, की अपडेट बिघडलं. हर्षानं सहदेवला फोन केला, की काका, यांना उत्तर तुम्हीच द्या. त्यानं एका बोटानं लिहिलं, ‘बिघडलं काहीच नाही. आज पोळा हाय. उद्या या.’ आणि ‘बे’ न लिहिता पाठवलं.

स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. शालू पदराला हात पुसत आली, हातात नैवेद्याचं ताट, ताटात पुरणपोळी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्या पडद्यासमोर नीट बसली आणि तोरणाखालची रांग निरखत राहिली.

“याच्यातला आपला मोऱ्या कोनता?” तिनं विचारलं.

सहदेवनं बोट ठेवून दाखवला. शालूनं तिथं कुंकू लावलं.