डोळा माझा, तारे गुरुजींचे

तुमच्या या ग्रुपवर रोज कुणाला तरी पिंपळाखाली बाई दिसते, नाहीतर घाटात गाडीला हात करते. मी वाचते आणि सोडून देते. आमचं बौद्ध दीक्षा घेतलेलं घर. नवस नाही, उतारा नाही, अंगात येणं तर मुळीच नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, पण लिंबू-मिरचीला भिण्याइतकी अडाणी मी कधीच नव्हते. म्हणून खाली जे लिहिते आहे ते मला स्वतःलाच आवडलेलं नाही… रागाने लिहिते आहे, तसंच वाचा.

नाशिकला म्हसरूळच्या पुढे आमचं रो-हाउस आहे. रांगेतलं शेवटचं, त्यामुळे मागचं अंगण जरा मोठं मिळालं. त्या अंगणात माझा कढीपत्ता, कपड्यांची दोरी आणि गुरुजींची दुर्बीण. गुरुजी म्हणजे माझे मालक. कळवणकडे शाळेत विज्ञान शिकवायचे. सगळं गाव गुरुजी म्हणायचं, मग मीही तेच म्हणायला लागले. दुर्बीण त्यांनी स्वतः बनवली. तिचा आरसा घासत होते तेव्हा महिनोन्महिने घरभर ती बारीक पूड — मी रोज भाकरीच्या पिठात बोट घालून बघायचे, कचकच लागते का.

शहरात आल्यावर दिव्यांच्या उजेडात आकाशातलं बाकी सगळं पुसट झालं. मग ते जोडतारे बघायला लागले. जोडतारा म्हणजे नुसत्या डोळ्याला एकच दिसतो, दुर्बिणीतून बघितला तर दोन निघतात. शहराच्या उजेडातही ते दिसतात म्हणे. अंधार पडला की जेवणापर्यंत रोज तेच. सुट्टीत कॉलनीतली पोरं रांग लावायची. बुटक्या पोरांना हे उचलून धरायचे, डोळा कसा लावायचा ते शिकवायचे. मी दारात आले की, "अगं, पोरांना पाणी दे." दुर्बीण तयार झाल्यावर मी दोनदा विचारलं होतं, मला दाखवा म्हणून. "तुला काय कळणार त्यातलं," असं हसून म्हणाले. तिसऱ्यांदा विचारणारी मी नाही.

पुढे साखरेने त्यांचे डोळे गेले. आधी एक, मग दुसरा. आता दिवा लागला की विझला, एवढंच कळतं. तरी संध्याकाळी अंगणात जायचे, दुर्बिणीवर हात ठेवून बसायचे. एकदा दोरीत अडकून पडले, मनगट मोडलं. मी मिलिंदला फोन केला. मिलिंद आमचा मुलगा, पुण्याला असतो. म्हटलं, ही दुर्बीण घेऊन जा आणि यांच्या जुन्या शाळेला देऊन टाक, नाहीतर हा माणूस एक दिवस इथेच डोकं फोडून घेईल. तो म्हणाला, रविवारी गाडी घेऊन येतो.

गुरुजींनी ते ऐकलं आणि जेवण टाकलं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. बोलणं नाही, भांडण नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवारी दिवेलागणीनंतर मी कपडे काढायला अंगणात गेले. थंडी पडायला लागली होती. हे खुर्चीवर, दुर्बिणीकडे पाठ करून बसलेले. ते पडलेलं तोंड बघून माझं टाळकं सरकलं. म्हटलं, बघू तरी, कशापायी सगळा जन्म घातला. टोपण काढलं, नळी पश्चिमेकडे ढकलली आणि डोळा लावला.

आधी काहीच नाही. मग ठिपके पळाले. नळी सोडली तर दोन तारे मधोमध उभे. एक हळदीचं बोट लागल्यासारखा, त्याला चिकटून दुसरा, नीळ घातलेल्या पाण्याच्या रंगाचा. मी तोंडातून आवाजही काढला नाही.

पाठीमागून गुरुजी म्हणाले, "पिवळा आणि निळा. हंस तारकासमूहातला आहे हा. हलवू नकोस."

मला वाटलं, अंदाजाने बोलले. कोणत्या महिन्यात कुठे काय असतं ते त्यांना पाठ. पण तारे आपले आपणच कडेला सरकायला लागले. पृथ्वी फिरते म्हणून दुर्बिणीत ते असे सरकतात, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पिवळा कडेपर्यंत गेला आणि दिसेनासा झाला, त्याच क्षणी मागून आवाज — "हा गेला." मग निळा. "हाही गेला."

मी नळी जरा ढकलली, तारे परत आणले. चेहरा तसाच ठेवला आणि डोळा मिटून घेतला.

"डोळा का मिटलास?"

अंधार होता. हे आंधळे. माझ्याकडे पाठ करून बसलेले.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"आत्ताच. तू कधी डोळा लावलाच नव्हतास."

"तुम्ही लावू दिला होता का?"

ते खुर्ची चाचपत उठले. आत येऊन मात्र दोन भाकरी खाल्ल्या. मी जेवले नाही.

रविवारी मिलिंद आला. सांगितलं तर हसायला लागला. "आई, आता तूही अंगात आणायला लागलीस का?"

"तोंड सांभाळ," मी म्हटलं. "अंधार पडेपर्यंत बस, मग बोल."

अंधार पडल्यावर आधी त्याने स्वतः डोळा लावला. "बाबा, काय दिसतंय?"

"तुझं मला काय दिसणार?" गुरुजी म्हणाले.

मग त्याने मोबाइल लावून बघितला. तरी गुरुजींना काही दिसलं नाही. माझ्याकडे बघून हसला. मी त्याला बाजूला केलं आणि डोळा लावला. त्याने नळी त्याच्या मनाने कुठेतरी वळवली.

"हा एकटाच आहे, जोड नाही याला. जरा तांबूस," गुरुजी म्हणाले. खरंच एकटा होता.

मिलिंदने काही न बोलता नळीच्या तोंडावर हात धरला. मला काळं दिसलं.

"अंधार झाला. मिलिंद, हात काढ."

पोरगा पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, सहजी मानणारा नाही. म्हणाला, "तुझ्या श्वासावरून ओळखत असतील. इतकी वर्षं एकत्र राहिलात." मग त्याने हंसातला तो जोडतारा शोधून दिला, गुरुजींना पुढच्या खोलीत नेऊन बसवलं, दार लावलं आणि त्यांच्यापाशी थांबला. थोड्या वेळाने बाहेर आला. "आई, आधी कोणता गेला?"

"पिवळा. मग निळा."

तो पायरीवर बसला. म्हणाला, "आत बाबाही हेच म्हणाले. मग काय करू? दुर्बीण नेऊ की ठेवू?"

गुरुजी दार चाचपत आले होते. माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. मिलिंदच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "ठेव. ती बघत जाईल. तिला संध्याकाळी काय काम असतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "हा माझा डोळा आहे. दुर्बिणीचं टोपण नाही, तुम्ही वाटेल तेव्हा काढायला आणि लावायला." मिलिंदला म्हटलं, "ठेव दुर्बीण. कपड्यांची दोरी मी गच्चीवर नेते. पण बघायचं की नाही ते मी ठरवणार."

तो रिकामी गाडी घेऊन गेला. आता फोनवर हा विषय काढला की त्याला मीटिंग आठवते.

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, नजर गेली की मेंदू चित्रं तयार करतो. मी विचारलं, मग मिलिंदचा हात कसा कळला? त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. शेजारीण म्हणते, त्र्यंबकला जाऊन विधी करून घ्या. तिला सांगितलं, आमच्यात करत नाहीत, आणि तुमच्यात करूनही तुमचा जावई सुधारला नाही. भाजी निवडताना, टीव्ही बघताना असलं काही होत नाही, मी तपासलं आहे. दुर्बिणीला डोळा लावला की तेवढंच. कसं होतं ते मला कळलेलं नाही, अजूनही नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर लिहा… अंगारे-धुपारे लिहू नका.

काल संध्याकाळी गुरुजी भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. "तुला वेळ असेल तर जरा बघतेस का?" म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

मी म्हटलं, भाकरी होऊ द्या. भाकरी झाल्या. गॅस बंद केला, हात धुतले आणि टीव्ही लावून बसले. ते अंगणात खुर्चीवर वाट बघत बसले होते, मला खिडकीतून दिसत होते. जेवायला हाक मारली तेव्हा आत आले. ताट मात्र सरकवलं नाही.

आज विचारलं तर जाईन.