अक्काने वाजवून पाहिलेले पाच रुपये

माझी थोरली बहीण ऐंशी वर्षे आठ महिन्यांची झाली, तेव्हा तिचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाची ही शांत. तिने लग्न केले नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत राहून तिने चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुली शिकवल्या आणि धाकट्या भावंडांचे केले. मी त्यांतला शेवटचा. तिला सगळे अक्का म्हणत.

"मला कोणी काही द्यायचे नाही," तिने बजावले. "या दिवशी मी देणार."

पाच बायकांना, ज्यांनी आपले केले असे तिला वाटत होते त्यांना, ती स्वतःच्या हाताने एकेक चांदीचा रुपया देणार होती. रुपया कोणता, तेही ठरलेले होते. आमचे आजोबा बडोदे संस्थानच्या खजिन्यात कारकून होते. एका अंगाला महाराजांची छबी आणि दुसऱ्या अंगाला तलवार असलेले संस्थानचे रुपये त्यांच्या हाताखालून गेले. घरात मात्र एकही उरला नव्हता. अक्काला तेच हवे होते. पैसे तिने पेन्शनमधून बाजूला काढले होते. पाकीट माझ्या हाती देऊन ती म्हणाली, "पारखून आण. तू शास्त्राचा माणूस."

मी हायस्कुलात एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. मुकुटातली भेसळ पाण्याने कशी पकडली, ही गोष्ट दरवर्षी आठवीच्या वर्गाला सांगितली. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे अज्ञानाची सबब उरणार नाही.

आमचा सोनी, म्हणजे सोनार, मांडवीजवळ बसे. तीन पिढ्यांचा घरोबा. मी गेलो तेव्हा तो म्हणाला, "महाराजांच्या छबीचे पाच पाहिजेत तर महिनाभर थांबा, मास्तरसाहेब. एकेक गोळा करावा लागेल. वाजवून, घासून देईन." त्याने भाव सांगितला. तो मला जास्त वाटला.

"कॉम्प्युटरवर याहून पुष्कळ कमी आहे," मी म्हणालो.

"कॉम्प्युटर वाजवून दाखवतो का?" त्याने विचारले. दुकानात बसलेले दोघे हसले. मी उठलो.

माझ्या मांजलपूरच्या घरी मुलीने त्या वर्षी कॉम्प्युटर आणि इंटरनेट घेऊन दिले होते. लिलावाच्या एका साइटवर जुनी नाणी मिळत. उत्तरेकडच्या एका शहरातला विक्रेता 'जुन्या घराण्याच्या संग्रहातले' रुपये विकत होता. त्याच्या नावापुढे गिऱ्हाइकांचे तीस-एक शेरे होते, सगळे उत्तम. ते सगळे एकाच आठवड्यात लिहिलेले होते. तारखा समोर होत्या. मी त्या नंतर वाचल्या. पाचही रुपयांचे छायाचित्र एकच होते. हेही नंतर दिसले. भाव सोनीने सांगितलेल्या भावाच्या निम्म्याहून थोडा अधिक. संस्थानचा जुना रुपया कोणी इतका स्वस्त का विकेल, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. मी स्वतःला विचारला नाही, कारण उत्तर माझ्याजवळ तयार होते: सोनी लुबाडतो आणि मी हुशार आहे.

विक्रेत्याने लिहिले, साइटच्या बाहेर परस्पर खात्यात पैसे भरा, दलाली वाचेल. मुलीला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बाहेर पैसे मुळीच देऊ नका. मग तक्रार कुठे करणार?" मी पैसे आधीच भरून आलो होतो. तिला तसे सांगितले नाही.

रुपये आले. प्रत्येक रुपया प्लॅस्टिकच्या चौकटीत, सोबत शुद्धतेचा गुळगुळीत छापलेला दाखला. वजन केले. रुपयाभार भरले. मी समाधान पावलो आणि समारंभाच्या तीन दिवस आधी, दुपारी, ते घेऊन अक्काकडे गेलो.

तिने चौकटी फोडायला लावल्या. आजोबांनी तिला लहानपणी रुपया पारखायला शिकवले होते: बोटाच्या टोकावरून दगडी फरशीवर पडू द्यायचा आणि ऐकायचे. ती खाली बसली. पहिला रुपया फरशीवर पडला.

आवाज बद्द आला. ओल्या लाकडावर पडल्यासारखा.

गेली सहा वर्षे अक्काला ऐकू येत नव्हते. यंत्र तिला सोसत नसे; बोलणे ती ओठांवरून ओळखे. तिने वर माझ्याकडे पाहिले.

"वाजला का रे?"

मी म्हणालो, "वाजला."

का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पहिल्या क्षणी ते तोंडातून निसटले, इतकेच म्हणता येईल. पण रुपये पाच होते. तिने दुसरा टाकला, विचारले. तिसरा टाकला, विचारले. दर वेळी ती माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि दर वेळी मी मान हलवून "वाजला" म्हणालो आणि ती समाधानाने हसली. पाचव्यानंतर तिने पदराने सगळे पुसले, डबीत ठेवले आणि बेनला हाक मारली, "बघ ग, आमच्या आजोबांच्या हातातले."

बेन म्हणजे अक्काकडे अकरा वर्षे काम करणारी बाई. गुजराती; मराठी अक्काकडेच शिकलेली, पण 'ना'ला अजून 'ने' म्हणणारी. अक्काला ती बा, म्हणजे आई, म्हणे. तिने हात पुसून डबीत पाहिले. "बा, कित्ती चमकतात!" ती म्हणाली. जुनी चांदी इतकी चमकत नाही.

पुड्या बांधून आणतो, असे सांगून मी रुपये घरी नेले. शाळेतून निवृत्त होताना मिळालेले काचेचे मोजपात्र काढले, पाणी भरले आणि पाचही रुपये सोडले. चांदीचे असते तर पाणी साडेपाच घन सेंटीमीटर चढले असते. ते साडेसहाच्या वर गेले. ओतीव पितळ, वर चांदीचा मुलामा. मी पाणी ओतून दिले, रुपये पुसले आणि लाल कागदाच्या पाच पुड्या बांधल्या.

तीन दिवस हातात होते. सोनीकडे जाऊन, तुमचे खरे ठरले, काय मिळतील ते द्या, असे म्हणता आले असते. समारंभात नारळ देऊन रुपये नंतर देता आले असते. मी गेलो नाही. दुकानात बसलेल्या त्या दोघांचे हसू मला अक्काच्या शब्दापेक्षा मोठे वाटले.

समारंभ चांगला झाला. अक्काला ओवाळले. तिने दोन जुन्या विद्यार्थिनींना, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला, माझ्या मुलीला आणि शेवटी बेनला रुपया दिला. देताना प्रत्येकीला एकच वाक्य सांगितले: "अडचणीला मोड. लाजू नको."

बेनने ते ऐकले होते, म्हणूनच पुढे सगळे झाले.

चार महिन्यांनी तिच्या नवऱ्याच्या रिक्षाचे इंजिन बसले. मी अक्काकडे गेलो होतो. जिना उतरताना बेन मागून आली.

"साहेब, एक विचारू? बांनी दिलेला रुपया मोडला तर बांना वाईट तर नाही वाटणार ने?"

"कुठे मोडणार?"

"तुमचाच सोनी. दुसऱ्याकडे मला कोण ओळखते?"

तेव्हाच मी म्हणू शकलो असतो की, मला द्या, मीच घेतो. मनात आलेही. मग वाटले, ती विचारेल का; मग वाटले, कदाचित सोनी घासून पाहणार नाही. हा दुसरा विचार मी करू शकलो, याची मला अजून लाज वाटते.

"वस्तू तुमची आहे," मी म्हणालो.

सोनीने रुपया कसोटीवर घासला. खालून पितळ निघाले. दुकानात गिऱ्हाइके होती. त्यांतल्या एकीच्या घरी बेन भांडी घासायला जात असे.

"कुठून आणला?" सोनीने विचारले.

"बांनी दिला."

"ते घर मी ओळखतो," तो म्हणाला. "माझ्या आजोबांपासून ओळखतो. त्या घरातून खोटा रुपया बाहेर पडत नाही. खरा कुठे ठेवलास, बेन?"

हे मला त्यानेच सांगितले. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "मास्तरसाहेब, नाजूक गोष्ट आहे. बाईने रुपया बदलला वाटते. पोलिसात नका जाऊ, गरीब आहे. पण सांभाळून राहा."

"मी येऊन बोलतो," मी म्हणालो.

मी नवव्या दिवशी गेलो. पहिल्या दिवशी गुडघा दुखत होता. दुसऱ्या दिवशी बँकेत काम होते. बाकीच्या दिवसांची कारणे आठवत नाहीत. त्या नऊ दिवसांत बेन रोज अक्काकडे येऊन काम करून गेली. अक्काने तिला विचारले, "तोंड का उतरलेय?" "ताप होता, बा," ती म्हणाली. अक्का फसली असे तिला वाटत होते आणि अक्काला ते कळू नये म्हणून ती गप्प होती. मलाही तिने हात जोडून सांगितले, "बांना नका सांगू, साहेब. त्यांचा काय गुन्हा?" मी बरे म्हणालो.

आमच्या घराचे नाव चांगले होते. ते नाव चांगले होते म्हणूनच ती चोर ठरली.

सोनीला मी सांगितले, "रुपया मीच विकत घेतला होता. बेनचा दोष नाही."

त्याने विचारले, "कॉम्प्युटरवाला?"

"हो."

तो हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते. दुकान मुलावर सोपवून तो त्याच दुपारी बेनच्या घरी गेला आणि त्याने तिची माफी मागितली. मी ती तोवर मागितली नव्हती. दुकानातले ते ऐकून जिने बेनला कामावरून काढले होते, त्या बाईकडे मी गेलो. "असेल हो, पण आता दुसरी ठेवली," ती म्हणाली आणि मला चहा विचारला. उरलेल्या चौघींनाही रुपया खोटा असल्याचे जाऊन सांगितले. तिघी हसल्या; त्यांतल्या शेजारणीने अक्काला न सांगण्याचे कबूल केले. मुलगी हसली नाही. तिने एवढेच विचारले, "पैसे बाहेर भरले होते ना?"

या सगळ्यांना मी सांगितले की, मी फसलो. मला ठाऊक होते, हे कोणालाच सांगितले नाही.

त्यानंतर सोनीकडून एक खरा रुपया घेतला. घासाघीस केली नाही. तो हाती यायला महिना लागला, त्याने पहिल्यांदा सांगितला होता तितकाच. अक्का दुपारची झोपली असताना गेलो. बेन मोरीत भांडी घासत होती.

"बेन, तुमचा रुपया खोटा आहे हे मला समारंभाच्या आधीपासून ठाऊक होते."

तिचा हात थांबला नाही. "आधीपासून?"

"अक्काने वाजवला तेव्हापासून. तिला मी खोटे सांगितले."

"मी जिन्यात विचारायला आले, तेव्हा पण?"

"तेव्हाही."

तिने पातेले विसळून पालथे घातले. "एवढंच बोलला असता ने, साहेब, की नको जाऊ. मी कारण पण नसतं विचारलं."

मी रुपया पुढे केला. तिने ओला हात पदराला पुसून तो घेतला, मोरीच्या कठड्यावर टाकला. तो वाजला, आवाज बराच वेळ राहिला. तिने तो ऐकला आणि रुपया माझ्या हातात परत ठेवला.

"बांच्या हातचा आहे माझ्याकडे," ती म्हणाली.

मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होतो? रिक्षाच्या दुरुस्तीचे पैसे देऊ केले, तेही तिने घेतले नाहीत. काम मात्र तिने सोडले नाही. ते अक्कासाठी.

त्या वर्षी दिवाळीत अक्का म्हणाली, "पाचही देऊन टाकले, पूजेला एक नाही. तुझ्याकडे कुठे मिळाला तर आण." खरा रुपया माझ्या टेबलाच्या खणात होता. लक्ष्मीपूजनाला तो घेऊन गेलो. सांगायचे ठरवून गेलो होतो. अक्काने रुपया हातात घेतला, उलटून तलवार पाहिली आणि सवयीने फरशीवर टाकला. खणखणीत आवाज खोलीभर गेला. तिच्यापर्यंत तो पोचला नाही. तिने वर पाहिले.

"वाजला का रे?"

बेन स्वयंपाकघराच्या दारात निरांजनाचे ताट घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले.

"वाजला," मी म्हणालो.

अक्का समाधानाने हसली. अगदी तशीच, जशी पूर्वी पाच वेळा हसली होती. "तू सांगितलेस म्हणजे झाले," ती म्हणाली आणि रुपयाला हळदकुंकू लावू लागली. जे सांगायचे ठरवले होते ते सांगण्याची जागा मला त्यानंतर सापडली नाही.

बेनने ताट चौरंगाजवळ ठेवले आणि ती आत गेली.