सप्तशृंगीच्या घाटात उसनी कार्बन चाकं

"घ्यायची असतील तर सोमवारपर्यंत सांग," सचिन म्हणाला आणि आपली कार्बनची चाकं माझ्या हातात ठेवून मोकळा झाला. सचिन माझ्याच कंपनीत, सातपूरला. मी तिथे क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर हातात व्हर्नियर घेऊन लोकांच्या कामातल्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. त्याने नवी सायकल घेतली, म्हणून जुनी चाकं विकायला काढली. किंमत ऐकून मला ठसका लागला, कारण तेवढ्यात माझी आख्खी सायकल आली होती. म्हटलं, आधी दोन दिवस वापरून बघते. रस्ता कुठला, याचा विचार करावाच लागला नाही. नाशिकहून दिंडोरी, वणी आणि पुढे सप्तशृंगी गड.

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी त्याच घाटात उतरताना मी पडले, खांद्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून उतार दिसला की माझे हात आखडतात. चढाला मी भीत नाही. चांगल्या चाकांवर तरी तो घाट मला उतरता येतो का, एवढंच बघायचं होतं. नाही आला तर चाकं परत आणि घाट कायमचा बंद, असं मी मनाशी ठरवलं होतं. घरात कुणाला बोलले नव्हते.

सोबतीला अण्णा, माझे सासरे. वय सहासष्ट, मूळचे दिंडोरीकडच्या खेड्यातले. आख्खी नोकरी सातपूरला, ट्रकचे ब्रेक ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर काढली. मी पडले त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी कुठूनशी एक जुनी स्टीलची सायकल पैदा केली आणि "पोट लय सुटलंय" म्हणत माझ्याबरोबर यायला लागले. चढावर मागे राहतात, पण उतारावर हट्टाने पुढे जातात. मी त्याला म्हातारपणातली हौस समजत होते.

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही जोड्या भाजीच्या काट्यावर घातल्या. माझी जुनी ॲल्युमिनियमची चाकं कार्बनपेक्षा जवळजवळ अर्धा किलोने जड निघाली. अण्णांनी कार्बनच्या रिमवर नखाने टकटक केलं. "कार्बन म्हंजे कोळसाच ना? कोळशाला एवढे पैसे?" मी रिमची उंची मोजली, पंचेचाळीस मिलिमीटर. टायर अठ्ठावीस मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस, आत पांढरं दूध भरलेलं. हे दूध भोक पडलं की तिथे जाऊन गोठतं, असं सचिनने सांगितलं होतं. हवा पासष्ट पौंडांच्या पुढे भरू नकोस, हेही त्याने बजावलं होतं. अण्णांनी टायर अंगठ्याने दाबला आणि नाक मुरडलं. "एवढं मऊ? चाक हाय का पाव?"

मलाही पटत नव्हतंच. आपल्याकडे टायर दगडासारखा टणक असला की मन शांत होतं. म्हणून शनिवारी पहाटे निघताना मी मुद्दाम ऐंशी भरली, दिंडोरीच्या पुढे एका खडबडीत पट्ट्यावर अर्धा किलोमीटर चालवून थांबले आणि पासष्टवर आणली. मग तोच अर्धा किलोमीटर मागे जाऊन पुन्हा चालवला. अण्णा बांधावर बसून बघत होते. शेजारच्या द्राक्षबागेतला माणूस त्यांना म्हणाला, "पाव्हणं, बाईचं काही हरवलं का?" अण्णा म्हणाले, "नाय, सुनेची परीक्षा चालू हाय."

परीक्षेचा निकाल सांगते, कारण तुमच्यापैकी निम्मे त्यासाठीच वाचत असाल. ऐंशीला दात वाजत होते. पासष्टला तोच रस्ता नवा केल्यासारखा वाटला आणि वेळही तेवढाच लागला. हा फरक टायरचा आणि हवेचा, कार्बनचा नव्हे. बजेट नसेल तर सरळ रुंद टायर घ्या आणि निम्म्याहून जास्त सुख स्वस्तात पदरात पाडून घ्या.

कार्बनची मजा वणीच्या रस्त्याला कळली. सपाटीवर एकदा वेग धरला की तो सुटत नाही, आणि रिममधून एक बारीक घुमणारा आवाज येतो, तो ऐकत राहावासा वाटतो. पण बाजूने टोमॅटोचा ट्रक गेला की त्या उंच रिमला वारा असा ढकलतो की बाप रे! तुमचं वजन कमी असेल तर पुढचं चाक कमी उंचीचं घ्या, हा माझा प्रामाणिक सल्ला. वणीच्या अलीकडे बाभळीचा काटा घुसला. फुस्स आवाज झाला, पांढरे थेंब उडाले आणि दोन फेऱ्यांत बंद. अण्णांनी तो काटा कागदात बांधून खिशात ठेवला, कंपनीतल्या जुन्या मित्रांना दाखवायला.

वणीत मिसळ खाल्ली. तर्री दुसऱ्यांदा मागितली तेव्हा वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "खा ताई, पण गड चढताना आम्हाला शिव्या देऊ नका." नांदुरीला घाट सुरू होतो, साधारण दहा किलोमीटरचा. पाण्याच्या दोन बाटल्या तिथेच भरून घ्या. चढात चाकांचा फरक थोडाच जाणवला. पाय आपलेच मारावे लागतात, तिथे कार्बन काय करणार! रात्री गडावरच्या भक्तनिवासात राहिलो. खोली साधी, गरम पाण्याची बादली वेगळ्या पैशांची. आधी फोन करून जा.

रविवारी सकाळी दर्शन झालं. अण्णा माझ्या आधी पायऱ्या उतरले. मी चहा घेऊन पोचले तर दोन्ही सायकलींची यथासांग पूजा झालेली. हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, नारळ फोडलेला. आमच्याकडे नवीन मोटरसायकल असो नाहीतर ट्रॅक्टर, देवीपुढे नेल्याशिवाय चालवत नाहीत. "उसनी असली म्हणून काय झालं," अण्णा म्हणाले. मी फोटो काढला, माळ काढून पिशवीत ठेवली आणि निघालो.

पडल्यापासून मला एक सवय लागलीय. उतारापूर्वी वीस पावलं सायकल सोडायची आणि दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. अण्णा नेहमीप्रमाणे पुढे होते. मी ब्रेक दाबले. मोर ओरडावा तसा कर्कश आवाज आला आणि सायकल थांबलीच नाही! "अण्णा, बाजूला व्हा!" म्हणून किंचाळले आणि पाय घासत एका दुकानापुढच्या नारळाच्या पोत्यांवर जाऊन आदळले. लागलं नाही.

मग चाकाकडे बघितलं. डिस्क म्हणजे चाकाच्या मध्याशी असलेली स्टीलची चकचकीत थाळी. ब्रेक तिलाच चिमटीत धरतो. त्या थाळीवर केशरी तेलकट पट्टा उमटला होता. मागच्या चाकाला तसाच. फोटो मोठा करून पाहिला, तर त्यात दोन्ही डिस्कवर शेंदराची बोटं स्पष्ट दिसत होती. दिव्यातल्या तेलात कालवलेला शेंदूर.

मी चिडले. खरं सांगते, रस्त्यात, लोकांसमोर, सासऱ्यांवर ओरडले. "अण्णा, ब्रेकला तेल लावलंत? तुम्ही?"

अण्णा खाली वाकले, डिस्कला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा बघवेना. आयुष्यभर ब्रेक ड्रम बनवलेला माणूस. तेलकट हाताने ड्रमला शिवला म्हणून पोरांना मशीनवरून हाकलणारा. "देवीम्होरं उभा व्हतो," ते म्हणाले. "चाकात सगळ्यात चकचकीत जागा तीच दिसली बघ. मशीन आठवलंच नाय."

साबणाने धुतलं, चिंधीने पुसलं. उपयोग नाही, ब्रेकच्या पॅडनी तेल पिऊन टाकलं होतं. जीपवाला टपावर टाकून न्यायला तयार होता, पण सचिनच्या चाकांवर दोरखंड आवळायची माझी छाती होईना. शेवटी, सायकलच्या बुटांत चालता येईना म्हणून, मी रबरी चपला विकत घेतल्या आणि चालायला लागले. अण्णांच्या जुन्या सायकलला डिस्क नव्हतीच, त्यांचे ब्रेक ठणठणीत होते, ते सुखाने उतरून गेले असते. तेही सायकल हातात धरून चालायला लागले.

अर्ध्या घाटात एका वळणावर अण्णा थांबले. "हितंच ना?"

हो, तिथेच. पण मी तर तेव्हा एकटी होते! "तुम्हाला काय माहीत?"

"तू दवाखान्यात व्हतीस तवा यष्टीनं आलो व्हतो, लोकांना इचारत. बघितलं. खडी सांडली व्हती, तुझी चूक नव्हती." मग सायकलच्या घंटीशी खेळत म्हणाले, "म्हणून उतारावर म्होरं जातो मी. खडी असली तर आधी मला लागंल."

मला रडू आलं. तिथेच, चपला घालून, उन्हात. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे बघत उभे राहिले. मी ते वळण पहिल्यांदा नीट पाहिलं. साधंच वळण होतं. वर्षभर ते माझ्या डोक्यात केवढं मोठं झालं होतं!

नांदुरीत टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन चाललेल्या पिकअपवाल्याने आम्हाला दिंडोरीपर्यंत सोडलं, पैसे घेतले नाहीत. पुढे रिक्षा टेम्पो.

सोमवारी सचिनला होकार दिला. टायर तेच ठेवले. नवे पॅड अण्णांनी स्वतः बसवले, त्याआधी तीनदा साबणाने हात धुतले, डिस्क स्पिरिटने पुसली आणि मला जवळ उभंसुद्धा राहू दिलं नाही. पण घाट उतरणं राहिलं होतं ते राहिलंच होतं.

काल पहाटे पुन्हा गडावर निघालो. अंगणात अण्णा शेंदराची पुडी घेऊन उभे. माझ्याकडे बघून विचारलं, "क्वालिटीवाल्या बाई, डिस्कपासून किती लांब चालंल?"

"एक फूट तरी."

त्यांनी आपल्या जुन्या पेटीतली स्टीलची पट्टी काढली, डिस्कपासून मोजत वर गेले, हँडलच्या मधोमध एक टिंब लावलं आणि फडक्याने बोटं पुसून पुसून कोरडी केली.

"चल," म्हणाले. "आज उतरताना तू म्होरं."